तीन अक्षरं, सात शब्द: युरोपातल्या 'पान'ची उकल

प्रश्न असा आहे: स्पॅनिशमध्ये 'पान' म्हणजे पाव, पोलिशमध्ये 'पान' म्हणजे साहेब, इंग्रजीत 'पॅन' म्हणजे तवा किंवा पसरट भांडं आणि ग्रीकमध्ये 'पान' म्हणजे सगळं. रोमन अक्षरांत लिहिलं की सगळीकडे पी, ए, एन हीच तीन अक्षरं. मग हा एकच शब्द देशोदेशी फिरत इतके अर्थ घेत गेला का? आणि आपला पाव, आपली कंपनी, सिनेमाच्या जाहिरातीतला 'पॅन इंडिया' हे सगळं त्याच घरातलं का?

नाही. हा एक शब्द नाही, निदान सात निरनिराळे शब्द आहेत, आणि झिजत झिजत त्यांचं लेखन एकसारखं झालं आहे. मराठीत आलेल्यांपैकी पाव आणि कंपनी एका घरातले, 'पॅन इंडिया' दुसऱ्या, आणि निवडणुकीतलं 'पॅनेल' तिसऱ्याच. हे कशावरून ठरतं ते समजलं, तर असा कुठलाही शब्द आपला आपण तपासता येतो. म्हणून आधी पद्धत आणि मग एकेक शब्द.

मराठीतलं आपलं 'पान' घ्या. झाडाचं पान, वहीचं पान, विड्याचं पान, पंगतीत मांडलेलं पान. अर्थ चार, पण शब्द एकच, संस्कृत 'पर्ण'वरून आलेला. आधी झाडाचं पान, मग त्यावर जेवायचं म्हणून ताट, आणि पानावर लिहायचं म्हणून पृष्ठ. आता 'मद्यपान', 'धूम्रपान' यांतलं 'पान' घ्या. त्याचा पर्णाशी काही संबंध नाही. ते 'पिणे' या अर्थाच्या 'पा' धातूवरून आलं आहे. म्हणजे 'एका शब्दाचे अनेक अर्थ' आणि 'अनेक शब्दांचं एकच रूप' या दोन वेगळ्या गोष्टी एकाच 'पान'मध्ये दिसतात. युरोपातल्या 'पान'चा सगळा घोळ या दोन गोष्टी एक मानल्यामुळे होतो. चांगले कोश हा फरक छापतानाच दाखवतात. शब्दाच्या डोक्यावर बारीक 1, 2, 3 असे आकडे असतील तर ते वेगवेगळे शब्द, आणि एकाच नोंदीच्या पोटात 1, 2, 3 असे अर्थ असतील तर शब्द एक. कोश उघडल्यावर आधी हे आकडे पाहावेत, अर्थ नंतर वाचावा.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. पहिलं, शब्दाचं सगळ्यात जुनं लिखित रूप काय होतं? दुसरं, तो चालवून पाहिला तर काय होतं: अनेकवचन, षष्ठी, लिंग. आपल्याकडे सामान्यरूपात जसं शब्दाचं आतलं अंग उघडं पडतं, तसंच तिकडेही होतं. तिसरं, जो ध्वनिबदल आपण गृहीत धरतो तो त्याच भाषेतल्या आणखी दोन-तीन शब्दांत झालेला दिसतो का? चौथं, शेजारच्या भाषांत त्याचे भाऊबंद कोणत्या रूपात आहेत? अर्थ जुळतो का हा प्रश्न सगळ्यात शेवटी. बहुतेक जण सुरुवातच अर्थापासून करतात आणि तिथेच फसतात. कारण कुठल्याही दोन अर्थांमध्ये पूल बांधता येतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पाव आणि साहेब यांचं. इंग्रजीतला 'लॉर्ड' हा शब्द खरोखरच पावातून निघाला आहे. जुन्या इंग्रजीत तो 'ह्लाफ-वेआर्द' होता, म्हणजे पावाचा राखणदार. त्याचं 'ह्लाफोर्द' झालं आणि पुढे 'लॉर्ड'. 'लेडी' म्हणजे मुळात पावाचं पीठ मळणारी. यातला 'ह्लाफ' म्हणजे आजचा 'लोफ'. आता कोणी म्हणेल, इंग्रजीत धनी पावावरून आला, मग पोलिश 'पान' म्हणजे धनी हाही स्पॅनिश 'पान' म्हणजे पावावरूनच आला असणार. ऐकायला पटतं, पण आहे चूक. जुन्या चेक भाषेत हाच शब्द 'ह्पान' असा लिहिलेला सापडतो, म्हणजे सुरुवातीला आणखी एक व्यंजन होतं. त्यावरून पोलिश, चेक, रशियन या स्लाव भाषांचं मूळ रूप 'गुपान'सारखं धरतात, त्यातला 'उ' अगदी आखूड. लॅटिनमधल्या पावाला असलं 'ग' कधीच नव्हतं. एका जुन्या स्पेलिंगने तो सुंदर पूल पडतो.

आता पावाकडे येऊ, कारण आपला सगळ्यात जवळचा संबंध त्याच्याशी आहे. लॅटिनमध्ये पाव म्हणजे 'पानिस', आणि कर्मकारकात 'पानेम'. लॅटिनपासून निघालेल्या भाषांनी बहुतेक नामं या कर्मकारकातल्या रूपावरून घेतली. इटालियनमध्ये 'पाने', स्पॅनिश आणि गालिसियनमध्ये 'पान', फ्रेंचमध्ये नाकातून उच्चारलेला 'पँ', रोमानियनमध्ये 'पुइने'च्या जवळचा उच्चार. कातालान भाषेत एकवचन नुसतं 'पा' आहे, पण अनेकवचन 'पान्स'. एकवचनात गळालेला 'न' अनेकवचनात परत येतो. शब्द चालवून पाहा असं वर म्हटलं ते यासाठी.

पोर्तुगीजमध्ये तर याहून सुंदर प्रकार आहे. तिथे पाव म्हणजे 'पांव', नाकातून उच्चारलेला. हात म्हणजे 'मांव', कुत्रा म्हणजे 'कांव', सिंह म्हणजे 'लिआंव'. एकवचनात सगळ्यांचा शेवट सारखा. पण अनेकवचन केलं की तीन गट फुटतात: पाव 'पांइश', कुत्रे 'कांइश', हात 'मांवश' आणि सिंह 'लिओंइश'. लॅटिनमध्ये ही मूळ रूपं अनुक्रमे 'पानेस', 'कानेस', 'मानुस' आणि 'लेओनेस' होती. जुन्या पोर्तुगीजमध्ये या तिन्ही गटांचे शेवट वेगळे होते. पुढे एकवचनात ते मिसळून गेले, अनेकवचनाने मात्र फरक जपून ठेवला. पोर्तुगीज शिकणाऱ्याला ही अनेकवचनं पाठच करावी लागतात आणि त्याचा वैताग येतो. पण लॅटिन शब्द ठाऊक असेल तर बहुतेक वेळा अनेकवचन आपोआप कळतं.

1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. तेव्हा आलेला शब्द हा असा नाकातला 'पांव' होता. मराठीत त्याचा अनुनासिक गळाला आणि 'पाव' राहिला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात, तो शब्दही त्याच घरातला. पोर्तुगीजमध्ये भट्टीवाला म्हणजे 'पादैरु', स्पॅनिशमध्ये 'पानादेरो'. दोन स्वरांमधला 'न' पोर्तुगीजने गाळला आणि स्पॅनिशने ठेवला, एवढाच फरक. म्हणजे 'पोदेर' या शब्दात 'पान' दिसत नसलं तरी ते आत आहे.

पावाबद्दल दोन व्युत्पत्ती आपल्याकडे फार पसरल्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. एक म्हणजे पीठ पायाने तुडवत, म्हणून हिंदीतल्या 'पाँव'वरून पाव. दुसरी म्हणजे एका लादीचे चार भाग करतात, म्हणून पाव. चतुर्थांश या अर्थाचा 'पाव' संस्कृत 'पाद'वरून आला आहे, आणि त्याचं सगळं कुटुंब मराठीत हजर आहे: 'सपाद'चं 'सव्वा', 'पादोन'चं 'पाऊण', शिवाय पाय आणि पाऊल. खायचा पाव या कुटुंबात बसत नाही. चालवून पाहिलं तरी फरक दिसतो. 'पावाला लोणी लावलं' असं आपण म्हणतो. 'पाव किलो', 'पाव हिस्सा' यांतला 'पाव' मात्र विशेषणासारखा जागच्या जागी राहतो. रूप एक आणि शब्द दोन, हे इथे मराठीतच घडलं आहे, आणि तेही एका पोर्तुगीज शब्दामुळे.

'कंपनी'चं मूळही पावातच आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कोंपानिओ' हा शब्द दिसतो. 'कुम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव, म्हणून एका पावात वाटेकरी असलेला सोबती. तो फ्रँक लोकांच्या 'लेक्स सालिका' या कायदेसंग्रहात आढळतो. इंग्रजी-जर्मनच्या जर्मानिक कुळातल्या जुन्या गॉथिक भाषेत 'गा-ह्लैबा' असा अगदी याच बांधणीचा शब्द होता, 'गा' म्हणजे सह आणि 'ह्लैफ्स' म्हणजे पाव. त्यामुळे जर्मानिक सैनिकांच्या बोलीतला शब्द लॅटिनमध्ये शब्दशः उतरवला गेला असं मानतात. यापासून फ्रेंच 'कोंपान्यों' आणि रोजच्या बोलण्यातला 'कोपँ', म्हणजे दोस्त, हे दोन्ही आले. गंमत अशी की हे दोन्ही एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या विभक्ती आहेत. 'कोपँ' कर्त्याच्या रूपातून आला आणि 'कोंपान्यों' इतर विभक्तींच्या रूपातून. 'सोबत्यांचा गट' या अर्थाने जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'कंपनी' गेली, व्यापाऱ्यांच्या संघाला ते नाव लागलं, आणि मराठीत ती 'कुंपणी सरकार' म्हणून आली. हा संबंध नुसता कानाला बरा वाटतो म्हणून सांगितलेला नाही. त्यातला प्रत्येक टप्पा लिखित पुराव्याने भरलेला आहे.

उलट 'मार्झिपान'च्या बाबतीत सावध राहावं. बदाम आणि साखरेची ही मिठाई इटालियनमध्ये 'मार्त्सापाने' आहे आणि स्पॅनिशमध्ये 'मासापान'. शेवटी पाव स्पष्ट दिसतो, पण मूळ शब्दात तो नाही. अनोळखी शब्दाचा शेवट ओळखीचा वाटावा म्हणून लोकांनीच तो पावासारखा करून घेतला. असा लोकव्युत्पत्तीने बदललेला शेवट ओळखायची खूण म्हणजे पदार्थ. पावाचा त्याच्याशी काही संबंध नसतो आणि उरलेल्या अर्ध्या शब्दाला स्वतःचा अर्थ लागत नाही.

आता पोलिश 'पान'. इथे व्युत्पत्तीपेक्षा वापर जास्त महत्त्वाचा आहे, कारण चूक झाली तर समोरचा माणूस दुखावतो. पोलिशमध्ये अनोळखी किंवा वडीलधाऱ्या पुरुषाला 'तू' म्हणत नाहीत. 'पान' म्हणतात, बाईला 'पानी' म्हणतात, आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनात ठेवतात. 'चि पान मूवि पो पोल्स्कू?' म्हणजे शब्दशः 'साहेब पोलिश बोलतो का?', पण अर्थ 'आपण पोलिश बोलता का?' मराठी माणसाला तृतीयपुरुषाने आदर दाखवणं परकं वाटायला नको. 'साहेबांनी बसावं' या वाक्यात आपण तेच करतो. फक्त आपला आदर अनेकवचनात असतो आणि पोलिशचा एकवचनातच पुरतो. अनेक पुरुषांसाठी 'पानोव्ये', बायांसाठी 'पान्ये'. स्त्री-पुरुष मिळून असतील तर 'पाइन्स्त्वो', आणि हाच शब्द 'राज्य, देश' या अर्थानेही चालतो. धनीपणाच्या कल्पनेतून दोन्ही अर्थ निघाले आहेत, म्हणून तो एकच शब्द आहे.

हाक मारताना संबोधन वापरावं लागतं: 'पान्ये', आणि पुढे पहिलं नाव किंवा हुद्दा, तोही संबोधनात. मारेक नावाच्या गृहस्थाला 'पान्ये मार्कू', डॉक्टरला 'पान्ये दोक्तोझे'. पोलिशमध्ये 'पान्ये' लावून आडनावाने हाक मारणं उद्धट समजलं जातं, वरिष्ठाने खालच्याला दरडावल्यासारखं. चेकमध्ये नेमकं उलट आहे. तिथे 'पाने' आणि पुढे संबोधनातलं आडनाव, म्हणजे 'पाने नोवाकू', हीच साधी सभ्य हाक आहे. भाषा शेजारच्या, शब्द तोच, पण शिष्टाचार उलटा. एका भाषेत शिकलेली सवय दुसरीत नेली की तक्रार ओढवतेच.

चेकमध्ये आणखी एक बारकावा आहे. नावाआधी उपाधी म्हणून लागतो तो ऱ्हस्व स्वराचा 'पन', आणि स्वतंत्र नाम म्हणून, म्हणजे 'गृहस्थ' किंवा 'धनी' या अर्थाने, येतो तो दीर्घ 'पान'. चेक लेखनात हा दीर्घ स्वर अक्षरावर तिरकी रेघ देऊन दाखवतात. ती विसरली तर शुद्धलेखन चुकतंच, शिवाय शब्दाचं कामही बदलतं. युक्रेनियनमध्येही 'पान' आदरार्थी उपाधी आहे आणि संबोधन 'पाने' होतं. लिथुआनियनने पोलिशकडून घेऊन त्याचं 'पोनास' केलं. रशियनमध्ये तो पोलिश जमीनदारासाठीच राहिला, पण 'पान इलि प्रपाल' ही म्हण रोजच्या बोलण्यात आहे: एक तर धनी होईन, नाहीतर बुडेन.

याच्या मुळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. स्लाव भाषांत 'झुपान' असा जिल्ह्याच्या प्रमुखाचा शब्द आहे. ऑस्ट्रियातल्या क्रेम्समुन्स्टर मठाच्या 777 सालच्या सनदेत तो 'योपान' असा येतो, आणि आजही क्रोएशियात जिल्ह्याच्या प्रमुखाला, स्लोव्हेनियात नगराध्यक्षाला तेच नाव आहे. काही जण 'गुपान'ला याचंच आखूड रूप मानतात. दुसरं मत असं की तो इराणी शाखेतल्या 'गु-पान'वरून, म्हणजे गाईगुरांच्या राखणदारावरून, उसना घेतला. हे मत खरं असेल तर तो आपल्या 'गोप'चा जवळचा नातेवाईक ठरतो.

इंग्रजी 'पॅन' आणि डच 'पान', म्हणजे भांडं, हे तिसरं घर. मूळ बहुतेक लॅटिन 'पातिना', म्हणजे उथळ ताटली, आणि ते ग्रीक 'पाताने'वरून. मधला स्वर गळून 'पातना', मग 'पान्ना'. हा शब्द जर्मानिक लोकांनी रोमन लोकांकडून कधी घेतला याची मर्यादा जर्मन उच्चारावरून ठरवता येते. जर्मनमध्ये तो 'प्फान्नं' आहे. शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'चा 'प्फ' होणं हा जर्मनमध्ये साधारण 6व्या ते 8व्या शतकांत घडलेला बदल आहे. मिरी इंग्रजीत 'पेपर', जर्मनमध्ये 'प्फेफर'. वजनाचा 'पाउंड' तिकडे 'प्फुंट'. सफरचंद 'ॲपल', तिकडे 'आप्फेल', म्हणजे शब्दाच्या मध्येही तेच. 'प्फान्नं' या रांगेत बसतो, म्हणून तो या बदलाच्या आधीच आत आलेला असला पाहिजे.

डचमध्ये 'पान'चे दोन मुख्य अर्थ आहेत, स्वयंपाकाचं भांडं आणि छपराचं कौल. हे आपल्या झाडाच्या आणि वहीच्या पानासारखं आहे: शब्द एक, अर्थ दोन. वाकवलेलं भाजक्या मातीचं कौल उथळ भांड्यासारखं दिसतं. 'ओंडर डे पानन' म्हणजे शब्दशः 'कौलांखाली', अर्थ 'सोय लागली, डोक्यावर छप्पर आलं'. भाषांतर करणारे इथे 'भांड्यांखाली' असं लिहून बसतात. स्वीडिशमध्ये 'पान्ना' म्हणजे भांडंही आणि कपाळही, डॅनिशमध्ये 'पान्ने'चंही तेच. कवटीला वाडग्याची उपमा दिल्यामुळे ते झालं. 'पातिना'चं लघुरूप 'पातेला', आणि त्यावरून फ्रेंच 'प्वाल', म्हणजे तवा, आणि वालेन्सियाची 'पाएया'. ही भाताची पाककृती ज्या पसरट भांड्यात होते त्या भांड्याचंच ते नाव. म्हणजे स्पॅनिश स्वयंपाकघरात इंग्रजी 'पॅन'चा भाऊ 'पाएया' आहे, आणि शेजारी ठेवलेला 'पान' मात्र परका.

इंग्रजीत सोन्याच्या शोधातली रेती तव्यासारख्या भांड्यात धुवून सोनं वेगळं काढणं यालाही 'पॅन करणं' म्हणतात, आणि 'पॅन आउट', म्हणजे निष्पन्न होणं, हा वाक्प्रचार 19व्या शतकातल्या अमेरिकेतल्या या सोनं धुण्यातूनच आला. पण कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे फिरवणं, तेही 'पॅन', हा शब्द भांड्यातून आलेला नाही. तो 'पॅनोरमा'चा तुकडा आहे. पॅनोरमा हा शब्द 18व्या शतकाच्या अखेरीस चित्रकार रॉबर्ट बार्कर यांच्या गोल दालनातल्या चित्रांसाठी ग्रीक तुकडे जोडून घडवला गेला: 'पान' म्हणजे सगळं, 'होरामा' म्हणजे दृश्य. एकाच इंग्रजी कोशात एकाच लेखनाचे दोन निरनिराळे शब्द, म्हणून डोक्यावरचे आकडे पाहावेत.

ग्रीक 'पान' हे 'सर्व' या विशेषणाचं नपुंसकलिंगी रूप. पुल्लिंगी 'पास', स्त्रीलिंगी 'पासा', नपुंसकलिंगी 'पान'. षष्ठी केली की 'पान्तोस', म्हणजे मूळ अंग 'पान्त्', त्यातला 'त' शब्दाच्या शेवटी टिकत नाही. म्हणूनच जोडशब्दांत कधी 'पॅन' दिसतं तर कधी 'पँट': पॅनडेमिक म्हणजे सर्व लोकांवर आलेलं, पँटोमाइम म्हणजे सर्व काही नक्कल करून दाखवणारा. स्वादुपिंडाचं 'पॅनक्रियास' हे नावही इथलंच, 'सगळं मांसच' अशा अर्थाचं. 'पॅन इंडिया' सिनेमा या घरातला. प्राप्तिकर खात्याचं 'पॅन' कार्ड मात्र कुठल्याच घरातलं नाही. ती तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत.

शेळीचे पाय असलेला, ग्रीसमधल्या आर्केडिया प्रदेशाचा वनदेव 'पान' या ग्रीक 'सर्व'शी जोडण्याचा मोह खुद्द प्राचीन ग्रीकांनाही झाला. होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रात सांगितलं आहे की त्याने सगळ्यांना आनंद दिला म्हणून त्याचं नाव पान. षष्ठीने हेही उलटतं. देवाची षष्ठी 'पानोस' आहे, 'पान्तोस' नाही, आणि आर्केडियातल्या जुन्या लेखांत त्याचं नाव 'पाओन' असं दोन अवयवांचं दिसतं. 'पॅनिक', म्हणजे कारण नसताना कळपाला सुटावा तसा घबराटीचा लोंढा, हा त्याच देवावरून आला. काही अभ्यासक हे नाव ऋग्वेदातल्या पूषन् देवाशी जोडतात. पूषन् वाटांचा आणि गुरांचा राखणदार, त्याचा रथ बोकड ओढतात, आणि त्याला 'अजाश्व' म्हटलं आहे. देवतांचं साम्य खरोखर लक्षवेधी आहे. ध्वनींचं गणित मात्र सगळ्यांना मान्य नाही, कारण भारतीय परंपरा पूषन् 'पुष्', म्हणजे पोसणे, यावरून लावते.

फ्रेंच 'पाँ' हा सहावा धागा आणि शब्दशः धागाच. लॅटिन 'पान्नुस', म्हणजे कापडाचा तुकडा, त्यावरून सदऱ्याचा सोगा, भिंतीचा एखादा सलग भाग. लॅटिनमध्ये पावात एक 'न' आणि कापडात दोन. स्पॅनिशने हा फरक काटेकोर ठेवला, दोन 'न'चा 'न्य' केला: वर्ष 'आन्नुस'चं 'आन्यो', कापड 'पान्नुस'चं 'पान्यो', आणि पाव राहिला 'पान'. फ्रेंचने तो फरक स्वरात ठेवला, पाव 'पँ' आणि कापड 'पाँ', पण मोरालाही, लॅटिन 'पावो'वरून, तोच 'पाँ' उच्चार दिला, लेखन तेवढं वेगळं ठेवलं. या कापडातून इंग्रजी 'पेन', म्हणजे खिडकीची एक काच, आणि 'पॅनेल' आले. पॅनेल म्हणजे आधी कापडाचा लहान तुकडा, मग ज्युरींची नावं लिहिलेली चर्मपत्राची पट्टी, मग ती माणसं. सोसायटीच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीत एकत्र छापलेली नावांची यादी म्हणजे पॅनेल, ही मराठी वापराची गोष्ट त्या जुन्या पट्टीच्या अर्थाला अजून अगदी जवळ आहे.

'पान्नुस'चे जर्मानिक भाऊबंद गॉथिक 'फाना', म्हणजे कापड, आणि जर्मन 'फानं', म्हणजे झेंडा. इथे 'प'चा 'फ' झाला आहे, जसा 'पाद'चा इंग्रजीत 'फूट'. हा बदल फार जुना, वारशाने आलेल्या शब्दांतला. वरच्या 'प्फान्नं'मध्ये 'प्फ' आहे, कारण तो नंतर उसना आलेला. जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'फ' दिसतो की 'प्फ', यावरून पुष्कळदा वारसा आणि उसनवारी वेगळी काढता येते. 

उरला वेल्श भाषेतला 'पान', म्हणजे 'जेव्हा'. तो प्रश्न विचारायला चालत नाही. त्यासाठी 'प्रीड' हा वेगळा शब्द आहे, आपल्याकडे 'जेव्हा' आणि 'केव्हा' वेगळे असतात तसं. त्याच्यामागून येणाऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं: 'दाव', म्हणजे येईल, त्याचं 'पान दाव' न होता 'पान धाव' असं काहीसं होतं, आणि तो 'ध' इंग्रजी 'दॅट'मधल्या 'द'सारखा घर्षणाचा. वेल्शमध्ये जुन्या 'क्व'चा 'प' झाला. लॅटिन 'क्वात्तुओर', म्हणजे चार, वेल्शमध्ये 'पेद्वार'. लॅटिन 'क्विस', म्हणजे कोण, वेल्शमध्ये 'पुइ'. म्हणून वेल्श 'पान'चा 'प' हा आपल्या 'कोण', 'काय', 'कधी' यांतल्या 'क'चा सख्खा भाऊ आहे. दिसायला ज्याचं मराठीशी काहीच जुळत नाही, तोच रोजच्या मराठी बोलण्याच्या इतका जवळ.

याहून खोल गेलं तर एक गोष्ट समोर येते. लॅटिन पावाचं मूळ बहुतेक व्युत्पत्तिकार 'राखणे, पोसणे' या अर्थाच्या धातूत लावतात, त्याचाच संस्कृत भाऊ 'पा', 'नृप', 'भूप', 'गोप' यांतला. स्लाव 'गुपान'चं इराणी मूळ आणि पानदेवाचं पूषनशी नातं मान्य केलं, तर तेही याच धातूवर येतात. पण तिन्ही विधानांची ताकद सारखी नाही. पावाचं बऱ्यापैकी पक्कं आहे, स्लाव शब्दाचं वादातलं, देवाचं त्याहून. आणि तिन्ही खरी निघाली तरी ते एकाच आजोबांचे दूरचे वंशज ठरतील, एक शब्द नव्हेत. धातू एक असणं आणि शब्द एक असणं यांत हजारो वर्षांचं अंतर आहे.

अनोळखी मजकुरात ही तीन अक्षरं दिसली तर आजूबाजूचा एकेक शब्द पाहावा. आधी 'एल' असेल तर स्पॅनिश पाव. आधी दोन 'ई'चं 'एन' असेल तर डच, मग तवा की कौल ते वाक्य सांगेल. पुढे 'द' आणि कपडा किंवा भिंत असेल तर फ्रेंच. पुढे मोठ्या अक्षराने सुरू होणारं माणसाचं नाव असेल तर पोलिश किंवा चेक. पत्रात 'पान' स्वतःच मोठ्या अक्षराने लिहिला असेल तर पोलिश, कारण पत्र ज्याला लिहिलं त्याच्या आदरासाठी पोलिशमध्ये तसं लिहायची रीत आहे. पुढे लगेच क्रियापद आणि त्याच्या सुरुवातीला दोन 'डी' असतील तर वेल्श. पुढे जोडरेघ असेल तर बहुतेक वेळा ग्रीक 'सर्व', भाषा कुठलीही असो.